छातीचा पट्टा

१४ जून

आज शर्यतीसाठी नाव नोंदवलं. माझं आणि मुंगीचंही. तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर "बघू" म्हणाली असती, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही.

शर्यत अशी की आधी जवळजवळ चार किलोमीटर तलावात पोहायचं, बाहेर आल्या आल्या एकशेऐंशी किलोमीटर सायकल मारायची, आणि सायकलवरून उतरून वर अख्खी मॅरेथॉन पळायची. सगळं एकाच दिवसात. हे स्वतःहून पैसे भरून करायचं, ही त्यातली खरी गंमत. मी पंचेचाळिशीचा, सडाफटिंग, धंद्याने वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. मला कोणी पदक दिलं नाही तर जग थांबणार नाही. पण एकदा तरी ती शेवटची कमान धावत ओलांडायची आहे.

मुंगी माझी धाकटी बहीण. लहानपणी सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची म्हणून अण्णांनी ठेवलेलं नाव. आता चाळिशीला टेकली, लोकांना मोटार चालवायला शिकवते, तरी मुंगीच. नवऱ्याशी पटेना म्हणून लेकीला घेऊन खालच्या मजल्यावर आईकडे आली, आणि कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. ते मला बघवेना. मीच तिला ओढून पळायला नेलं. आता पोहण्यात मला पार मागे टाकते.

नाव घातल्याचं सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. म्हणाली, "दादा, तुला वेड लागलंय." मग नळ बंद करून, "चार महिने आहेत ना? पुरतील."

आई म्हणाली, "हौसेला मोल नाही. पण त्या दिवशी येऊन पाय दाबून मागायचे नाहीत, आत्ताच सांगते."

२ जुलै

डोंगराच्या रस्त्यावर सायकल. मी पुढे, मुंगी मागे. अर्ध्या चढावर वळून पाहिलं तर बाईसाहेब सायकल आडवी टाकून कठड्यावर बसलेल्या. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाली. मनगट पुढे केलं. घड्याळात हृदयाचे ठोके दोनशे बारा.

हे घड्याळ आकडा घेतं छातीच्या पट्ट्याकडून. बरगड्यांवर बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा, मध्ये एक डबी. मी हसलोच. म्हटलं, "खरंच एवढे पडत असते तर तू माझ्याशी बोलत बसली नसतीस." मीठ-साखरेचं पाणी पाजलं, केळं खायला लावलं. पाच-दहा मिनिटांत आकडा खाली आला आणि ती उरलेला चढ चढलीसुद्धा.

आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट ही, की आकडा विचित्र दिसला तर आधी काट्यावर संशय घ्यायचा. मी पेटीतून पितळी वजन काढून ठेवतो. पाच किलोचं वजन पाच किलोच असतं. काटा चुकतो, वजन चुकत नाही. मुंगी ठणठणीत आहे, म्हणजे पट्टा भिकार.

९ जुलै

पट्ट्यात नवा सेल घातला. बांधण्याआधी पाण्याने ओला करायचा, हेही तिला दाखवलं. दोनदा सायकल, एकदा पळणं, आकडे शहाण्या बाळासारखे. मुंगीला म्हटलं, दुरुस्तीचं बिल पाठवतो.

२१ जुलै

पुन्हा तेच. त्याच चढावर. या वेळी छातीत धडधडतंय असंही म्हणाली, पण मनगटावर दोनशेच्या वरचा आकडा दिसल्यावर कोणाच्या छातीत धडधडणार नाही?

मी धंद्यातला माणूस. जागच्या जागी तपासणी केली. तिचा पट्टा मी बांधला, माझा तिला दिला. तिच्या पट्ट्याने मला दिवसभर अगदी चोख आकडे दाखवले. आणि माझा पट्टा, जो वर्षभर कधी चुकला नाही, तो तिच्या अंगावर दुसऱ्याच चढावर बिघडला!

बराच वेळ डोकं खाजवलं. शेवटी आमच्या सायकल क्लबातल्या लोकांनी उलगडा केला. तिचा तो नवा चकचकीत टी-शर्ट. असलं कापड घासलं की त्यात वीज तयार होते आणि पट्टा गोंधळतो. क्लबात निम्म्या लोकांचा हा अनुभव. उद्यापासून सुती.

आईला सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं." कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

५ ऑगस्ट

मुंगीने आज जेवताना गंमत सांगितली. शिकवणीच्या गाडीत तिच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. एक निवृत्त गृहस्थ सरळ रस्त्याने नीट गाडी चालवत होते आणि हिने मध्येच ब्रेक दाबला. ते गृहस्थ चिडले, "माझं काय चुकलं ते तरी सांगा!" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. हिलाच क्षणभर रस्ता दिसेनासा झाला होता. आम्ही खूप हसलो. भाची मात्र हसली नाही. चौदा वर्षांच्या पोरी आईच्या विनोदावर कधी हसत नाहीत.

आई ताट उचलता उचलता म्हणाली, "तुमचे अण्णाही असेच मधूनमधून जिन्यात बसायचे. छातीवर हात ठेवून. जरा दम घेतो म्हणायचे."

म्हटलं, "आई, अण्णा दिवसभर गोदामात पोती वाहायचे आणि वर पाकीटभर सिगारेटी ओढायचे. त्यांचं वेगळं."

"हो बाबा, वेगळं," म्हणाली आणि आत गेली. अण्णा गेले तेही त्या जिन्यातच. बसले ते उठले नाहीत. तेव्हा ते आजच्या माझ्याहून लहान होते, हे लिहिताना पहिल्यांदाच लक्षात आलं. कष्टाने माणूस असाच झिजतो.

१९ ऑगस्ट

मुंगी आज वर आली. बराच वेळ माझी पितळी वजनं पेटीच्या खणांतून काढत आणि परत ठेवत बसली. मग म्हणाली, "दादा, एकदा डॉक्टरला दाखवून येऊ का?"

मला रागच आला. तिचा नाही, डॉक्टर लोकांचा. ज्या माणसाला आयुष्यात बसस्टॉपपर्यंत पळावं लागलेलं नाही, तो ऐकून घेणार आणि विश्रांती घ्या म्हणणार. दुसरं काय म्हणणार? दोन महिन्यांची मेहनत मातीत. म्हटलं, "हात दाखवून अवलक्षण कशाला? शर्यत होऊ दे, मग हवं तेवढं दाखव."

"म्हणजे काही नसणार ना?"

"असतं तर तू तलाव आरपार पोहली असतीस का? मी तरी पोहतो का एवढा?"

हसली. तिने फोन करून वेळ घेतली, शर्यतीनंतरच्या मंगळवारची. दोघांचंही समाधान झालं. भांडण न करता प्रश्न मिटवणं हे मला जमतं, उगाच आई मला हेकट म्हणते.

८ सप्टेंबर

आजचा दिवस वाया जाता जाता वाचला. लांबची सायकल होती आणि मुंगी सारखी घड्याळात बघत होती. चढ आला की बघ, उतार आला की बघ. आकडा वाढला की पाय थांबवायची. सुती शर्ट घालूनही तेच. मागे वळून वळून माझी मान दुखली. शेवटी रस्त्याच्या कडेला थांबवलं आणि म्हटलं, "काढ तो पट्टा."

"काढू?"

"आकडा बघतेस म्हणून घाबरतेस, घाबरतेस म्हणून आकडा वाढतो. काढ."

तिने तिथेच शर्टाआतून हात घालून पट्टा सोडवला आणि मला दिला. मी खिशात टाकला. उरलेला सगळा रस्ता ती न थांबता आली. रंग उडाला होता, पण आली. पट्टा आता माझ्या टेबलाच्या खणात आहे. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

२२ सप्टेंबर

पोहण्याच्या तलावावर भाची वेळ धरायला आली होती. घरी येताना मला म्हणाली, "मामा, आईचे ओठ निळे झाले होते." म्हटलं, पाणी गार होतं. तर म्हणे, "तुझे नव्हते झाले." मी जाड कातडीचा आहे, असं सांगितलं.

याच पोरीने परवा शाळेच्या शर्यतीत पहिली असताना मध्येच पळणं सोडलं आणि गवतात जाऊन बसली. का, तर कंटाळा आला. आईच्या निम्मी तरी चिकाटी हवी होती.

१२ ऑक्टोबर

उद्या. घोडामैदान जवळच आहे म्हणता म्हणता आलंच.

दुपारी सायकली जमा केल्या. आई आणि भाची घरीच. आई म्हणाली, मला नाही बघवत ते हाल. तलावाकाठच्या भाड्याच्या खोलीत दोन खाटा, एक टेबल, आणि दोघांचे कपडे क्रमाने मांडून ठेवलेले, पोहण्याचे, सायकलचे, पळण्याचे. मुंगीने तिचे मांडले, मग माझेही नीट करून दिले. मग खिडकीशी उभी राहून म्हणाली, "शिकवणीच्या गाडीत कसं, पायाखाली ब्रेक असतो. काही झालं तर मी दाबते."

"मग?"

"मग काही नाही."

म्हटलं, "मी आहे ना तुझ्याबरोबर." ती म्हणाली, "हो रे. म्हणून तर आले." ऐकून फार बरं वाटलं.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ, शेवटच्या कमानीजवळच्या तंबूत

झालं! पूर्ण केली! वही पिशवीत ठेवली होती ते बरं केलं. अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतंय. अंगावर चांदीच्या कागदासारखं पांघरूण, गळ्यात पदक, पायाची दोन नखं गेली. रडलोसुद्धा. कोणी बघितलं नाही.

मुंगी येईपर्यंत लिहून घेतो. पाणी म्हणजे नुसता गोंधळ, कोणाची लाथ तोंडावर, कोणाचा हात मानेवर. मुंगी माझ्या कितीतरी आधी बाहेर पडली. सायकलवर मी तिला गाठलं. समोरून वारा होता. ती हँडलवर मान टाकून चालवत होती. मी ओरडलो, "मुंगे, चल!" तिने एक बोट वर केलं.

पळणं तलावाभोवती, चार फेऱ्या. माझी शेवटची संपत आली तेव्हा पाण्याच्या टेबलाशी ती दिसली. उलट्या खोक्यावर बसलेली, मानेवर ओला स्पंज. जवळ गेलो.

म्हणाली, "दादा, पुन्हा तसंच होतंय."

"किती राहिलं?"

"एकच फेरी."

म्हटलं, "एका फेरीसाठी बसलीस? चार महिने कशासाठी घासलो आपण? ऊठ, मुंगी." हात देऊन उठवलं. एक क्षण माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मग "तू जा, मी येते" म्हणाली आणि पळायला लागली. मी वळून पाहिलं तेव्हा नीट पळत होती. उठवलं ते बरं केलं. नाहीतर आयुष्यभर मला टोचून बोलली असती की शेवटच्या फेरीत बसू दिलंस.

आता यायला हवी. पळताना तिच्या मागे असलेली एक पिवळ्या टोपीची बाईसुद्धा आली. लाऊडस्पीकरवाला प्रत्येकाचा क्रमांक घेऊन ओरडतोय. मुंगीसाठी एक पांघरूण आणि गरम चहा मागून ठेवलाय.

चहा गार झाला. दुसरा आणला.

दंडावर हिरवी फीत बांधलेला एक कार्यकर्ता तंबूत फिरतोय, कोणाला तरी शोधतोय. वाकून सगळ्यांच्या छातीवरचे क्रमांक बघतोय

१५ ऑक्टोबर

मुंगीचा फोन माझ्या खिशात आहे. सकाळी वाजला. दवाखान्यातून होता. आज अकराची वेळ आहे, येताय ना, असं एक बाई विचारत होती. मी म्हणालो, नाही येत. ती म्हणाली, मग पुढची वेळ कधीची देऊ?

९ नोव्हेंबर

मुंगीच्या शवविच्छेदनाचा निकाल सांगायला डॉक्टरांनी बोलावलं होतं. आई आली नाही.

हृदयाच्या स्नायूचाच दोष. जन्मापासूनचा. रक्तातून येणारा. फार श्रम झाले की ठोके भरकटतात, आणि एखाद्या वेळी परत ताळ्यावर येत नाहीत. त्यांनी विचारलं, घरात कोणी असं अचानक गेलं होतं का? मी जिन्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, बहिणीला आधी काही त्रास व्हायचा? चक्कर, धडधड, मशीनवर कधी काही दिसलं होतं?

मी सगळं सांगितलं. दोनशे बारा, नवा सेल, सुती शर्ट. पट्ट्यांची अदलाबदल केली तेही. शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे दोन्ही पट्टे बरोबर होते."

चांगला माणूस. रागावला असता तर बरं झालं असतं. आणि अशा माणसाला मी, बसस्टॉपपर्यंत न पळलेला, असं लिहून ठेवलंय. मागची पानं उलटून बघितली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. आंधळा माणूस इतकं स्वच्छ लिहू शकतो.

निघताना म्हणाले, "रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करा. तुमची. आणि तिच्या मुलीची, लवकर."

१७ नोव्हेंबर

आईला अजून पट्ट्याचं सांगितलेलं नाही. आज पीठ चाळताना तिने विचारलं, "शेवटी तू तिच्याजवळ होतास ना रे?" मी हो म्हणालो. "काय म्हणाली?"

"तू जा, मी येते म्हणाली."

आईने चाळणी खाली ठेवली. "आणि तू गेलास," म्हणाली. ओरडली नाही. त्यानंतर जेवायला वाढलं, नेहमीसारखं. ती समोर बसून होती म्हणून खाल्लं.

२१ नोव्हेंबर

कामावर गेलो. भंगारवाल्याचा मोठा काटा. तो म्हणाला, "साहेब, काटा खोटं दाखवतोय, माझा माल एवढा कमी असूच शकत नाही." मी पेटी उघडली, वजनं ठेवली. काटा बरोबर होता. पुन्हा ठेवली. बरोबर. तो वाद घालत राहिला आणि मी भंगाराच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसून रडायला लागलो. बिचारा घाबरला. "राहू द्या साहेब, बरोबर असेल," म्हणाला आणि पाणी घेऊन आला.

पदक कुठे आहे आठवत नाही. शोधायचंही नाही.

२ डिसेंबर

आज मी आणि भाची तपासणीला गेलो. आई बाहेर बाकावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून.

आधी मला झोपवलं. छातीवर, हातापायांवर चिकटपट्ट्या, त्यांना वायरी. मशीन चालवणारी एक तरुण मुलगी होती, बोलघेवडी. कागद सरकत बाहेर आला, तिने बघितला. "काका, एकदम घोड्यासारखं हृदय आहे तुमचं." मी कपडे घालताना मनात म्हणत होतो, हे माझ्या वाट्याला का, तिच्या का नाही? अण्णांनी निवड तरी नीट करायची.

मग त्याच मशीनवर भाची. डोळे छताला लावून पडली होती. हातांच्या मुठी. मी पायथ्याशी उभा. कागद सरकायला लागला. मुलीची बडबड थांबली. तिने कागद वर धरला, मग वाकून एक वायर दाबली, मग दुसरी.

"वायर सैल झालीय बहुतेक," म्हणाली. नव्या चिकटपट्ट्या लावल्या. पुन्हा कागद. ती पुन्हा वाकली. "हे मशीन ना, कधीकधी असंच करतं. आणि बाळ, तू हलू नकोस हं. काका, आज राहू द्या का? उद्या दुसऱ्या मशीनवर घेऊ या. उगाच घाबरायला नको."

मी तिला म्हणालो, "आत्ता याच मशीनवर मी झोपलो होतो."

"हो, पण…"

"माझं बरोबर आलं ना? मग मशीन बरोबर आहे. डॉक्टरांना बोलवा. आत्ता."

माझा आवाज चढला असावा, कारण ती कागद तसाच टाकून धावत बाहेर गेली. दार उघडं राहिलं. बाहेर आई बाकावरून उठलेली दिसली.

मी वायरींना धक्का न लावता भाचीचा हात धरला. गार पडला होता. ती छताकडेच बघत होती. तशीच म्हणाली, "मामा, त्या शाळेच्या शर्यतीत मला कंटाळा नव्हता आला."

मी स्टूल ओढून तिच्या उशाशी बसलो. म्हणालो, "सांग. काय झालं होतं ते सगळं सांग."